कठड्यापाशी तिसरा

"दोघंच?" आर्चडीकन साहेबांनी चष्म्यावरून विचारलं.

वेदीपुढच्या लाकडी कठड्यापाशी दाजी आणि म्हातारी सखूबाई गुडघे टेकून होती. दाजीच्या मानेवरून घामाचा ओघळ गेला. तिसरी कमळाबाई यायची होती, पण तिला पहाटेच हुडहुडी भरली. आजच भरायची होती का!

पनवेलचं हे ख्रिस्ती देऊळ राहणार की जाणार, ते आज ठरणार होतं. सत्तावन्न साल. तरणी मंडळी मुंबईला गोदीत, रेल्वेत पांगलेली. बिशपसाहेबांनी पुढच्या दहा वर्षांची योजना आखली होती. मंडळीत नवं चैतन्य आणायचं, जिवंत देवळाला पाळक, म्हणजे धर्मगुरू, द्यायचा, मेलेल्याला कुलूप घालायचं. आता जिवंत कुठलं आणि मेलेलं कुठलं, हे ओळखायचं कसं? प्रार्थनापुस्तकात जुना नियम होताच. पाळकाबरोबर कठड्यापाशी भाकर आणि प्याला घ्यायला निदान तीन माणसं हवीत, नाहीतर प्रभुभोजनाचा विधी होत नाही. बिशपसाहेबांचा उजवा हात असलेले हे आर्चडीकन गावोगाव तेवढंच मोजत फिरत होते. माणूस भला, पण नियमाला पक्का.

दाजी सुतारकाम करायचा. देवळाचा पंचही तोच. छपराचे वासे त्यानं बदलले, बाकं त्यानं केली, आणि देवळामागच्या मातीत त्याची नऊ वर्षांची लेक शकू पुरलेली होती. देवळाला कुलूप लागलं तर मागच्या कबरस्तानाच्या फाटकालाही लागणार. दाजीचा सारा जीव त्या फाटकाआड होता.

"पाच मिनिटं थांबतो," साहेब म्हणाले. "मग मला लिहावं लागेल."

तिसरा माणूस देवळात होता. अगदी मागच्या बाकावर. जगन. पूर्वी टांगा हाकायचा, आता भातगिरणीत पोती उचलायचा. दाजी आणि तो लहानपणापासूनचे दोस्त, पण गेली अकरा वर्षं दाजीनं त्याच्याकडे मान वळवून पाहिलं नव्हतं.

अकरा वर्षांपूर्वी शकूला घटसर्प झाला. दाजीचं घर तेव्हा गाढी नदीच्या पलीकडे, दवाखाना अलीकडे. त्यानं सकाळीच जगनला निरोप धाडला, टांगा घेऊन ये, पोरीला न्यायचंय. दुपारी नदी फुगली. दाजी दारात उभा राहून राहून थकला. टांगा आला नाही. दिवस मावळायच्या आत शकू गेली. पोरीला मूठमाती देऊन आल्यावर दाजीनं साऱ्या बाजारात सांगितलं, पूर बघून जगननं टांगा बाहेरच काढला नाही, पांघरूण घेऊन निजला.

तेव्हापासून जगन दर रविवारी येई, मागे बसे, पण कठड्यापाशी एकदाही आला नाही. पापी माणूस येईल कुठल्या तोंडानं, असं दाजी म्हणे, आणि स्वतः दर महिन्याला भाकर घेई.

साहेबांनी खिशातलं घड्याळ काढलं.

"दाजी, बोलाव की त्याला," सखूबाई कुजबुजली. "आपल्या शकूसाठी तरी."

दाजी दात-ओठ खात उठला. मागे वळला. घसा खाकरून, साहेबांनाही नीट ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाला, "जगन, मी तुला माफ केलं. ये पुढं."

बोलून टाकल्यावर त्याला हलकं वाटलं. खरं सांगायचं तर स्वतःचा थोडा अभिमानही वाटला. जगन मात्र जागचा हलला नाही.

"अरे, माफ केलं म्हणतोय ना!"

"तू केलंस," जगन म्हणाला. "मी तुला केलं नाय, दाजी. पोटात राग ठेवून तिथं यायचं नाय, असा नेम हाय ना? म्हणून मी हितंच बसतो."

"राग? तुला? माझा?"

"निरोप दुपारी पोचला, तसा मी निघालो होतो. मधल्या धारेत घोडी गेली, टांगा गेला. मला भोयांनी बाहेर काढला. पोर गेलेल्या बापापुढं घोडीचं काय रडू, म्हणून गप बसलो. आन् तू सांगत सुटलास, जगन निजला होता. एकदा मला इचारायचं तरी होतंस."

दाजीनं सखूबाईकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली. म्हणजे तिलाही ठाऊक होतं. साऱ्या पनवेलला ठाऊक होतं. पोर गेलेल्या बापाच्या तोंडावर बोलायची कुणाची छाती झाली नव्हती, एवढंच.

दाजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भिंतीला धरत धरत तो मागच्या बाकापर्यंत गेला.

"चुकलो रे मी," तो म्हणाला. जगननं मान फिरवली. दाजी त्याच्या बाकाच्या टोकावर बसला.

साहेबांनी घड्याळ मिटून खिशात ठेवलं. मग हळू आवाजात म्हणाले, "दाजी, कमळाबाई आजारी आहे. तिला मी घरी जाऊन भाकर देईन. तिला धरून तीन होतात. नियमात बसतं. तुम्ही फक्त पुढे येऊन गुडघे टेका. नाही आलात, तर मला बंद लिहावं लागेल."

खिडकीतून मागचं फाटक दिसत होतं. दाजी त्याच्याकडे बघत राहिला. डोळे भरून आले, ते त्यानं पुसलेही नाहीत.

"पापी माणूस कुठल्या तोंडानं येईल? आज मला मोजणीत धरू नका, साहेब," तो म्हणाला.