प्रश्न शेवटी घेतात

कुलगुरूंनी डोळे मिटले की श्यामकांतचं काम सुरू व्हायचं. काम म्हणजे खोकायचं.

श्यामकांत दिल्लीतल्या एका विद्यापीठाचा जनसंपर्क अधिकारी होता आणि ही युक्ती त्याचीच होती. विद्यापीठात काही वाईट घडलं की सभागृह भरायचं, पत्रकार यायचे. कुलगुरू निवेदन वाचायचे. घटना अत्यंत दुःखद आहे, समिती नेमली आहे, आम्ही कुटुंबीयांच्या पाठीशी आहोत. की लगेच दोन मिनिटं मौन. मौन सुटलं रे सुटलं की कुलगुरू मंचामागच्या दाराने पसार. आत्ताच मान खाली घालून उभ्या राहिलेल्या माणसाला लगेच ओरडून प्रश्न विचारणं बरं दिसत नाही. लोक मुकाट्याने पांगायचे.

मौनात घड्याळ पाहणं कुलगुरूंना शोभलं नसतं. म्हणून ते डोळे मिटून उभे राहायचे आणि वेळ झाली की श्यामकांत पहिल्या रांगेतून खोकायचा. ऐन नोव्हेंबरात, सगळी दिल्ली खोकत असतानाही, त्यांना त्याचा खोकला बरोबर ओळखू यायचा. विद्यापीठात त्यांना आणखी कोणाचा आवाज ओळखू येत असेल, असं वाटत नाही.

निवेदन वर्षानुवर्षं एकच होतं. नाव तेवढं बदलायचं. ते मोठ्या टायपात टाकावं लागे, कारण एकदा कुलगुरूंनी मागच्या खेपेच्या मुलाचं नाव वाचलं होतं. सुरुवातीला असं निवेदन लिहिलं की श्यामकांतला जेवण जात नसे. आता डबा खाता खाता लिहून व्हायचं.

आजचं नाव वृंदा. लायब्ररीबाहेरच्या पाण्याच्या कूलरचा शॉक बसून गेलेली.

सभा सुरू होण्याआधी तिची आई दारातच भेटली. सुनंदाबाई, लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमधून आलेल्या. त्यांनी श्यामकांतच्या छातीवरच्या बिल्ल्यावरचं मराठी आडनाव वाचलं आणि त्या हिंदी सोडून मराठीत आल्या.

"भाऊ, मला भांडायचं नाहीये. कूलरची वायर उघडी आहे हे मुलं महिनाभर सांगत होती म्हणे. कोणाला सांगत होती, एवढंच विचारायचंय. विचारू देतील ना?"

"विचारा ना. प्रश्न शेवटी घेतात."

तो सवयीने बोलून गेला. बाई अच्छा म्हणाल्या आणि दुसऱ्या रांगेत जाऊन शेवटाची वाट पाहत बसल्या. जन्म केंद्राच्या मंत्रालयात नोकरी करण्यात काढलेला, वाट पाहायची सवय होती.

निवेदन झालं. नाव बरोबर वाचलं गेलं. कुलगुरूंनी मौनाचं आवाहन केलं, सगळे उभे राहिले, कुलगुरूंनी डोळे मिटले. श्यामकांतने घड्याळ पाहिलं. वेळ झाली. त्याने घसा तयार केला.

तेवढ्यात मागून पुटपुटणं ऐकू आलं. सुनंदाबाई आपला प्रश्न हिंदीत पाठ करत होत्या. बच्चों ने किसको बताया था, सर. पुन्हा पहिल्यापासून. सर आधी घेऊन. मग सर शेवटी ठेवून.

श्यामकांतने खोकला गिळला.

कुलगुरू उभेच. मिटल्या पापण्या फडफडायला लागल्या. लोक चुळबुळले, एकेकाने मान वर केली. कॅमेरे चालूच होते. श्यामकांतला आठवलं, त्याच्या मुदतवाढीचा कागद कुलगुरूंच्या टेबलावर सहीसाठी पडून आहे. आठवलं, पण कुठे टोचलं नाही.

आणि मग त्याला खोकला आला. खरा. सकाळपासून छातीत साठलेला दिल्लीचा धूर वर चढला. त्याने रुमाल काढून तोंडात कोंबला. डोळ्यांत पाणी उभं राहिलं. शेजारचे प्राध्यापक त्याच्या दुःखाकडे आदराने पाहू लागले.

शेवटी कुलगुरूंनी आपणहून डोळे उघडले. अख्खं सभागृह त्यांच्याकडे बघत होतं. दुसऱ्या रांगेत एक हात वर होता.

कुलगुरूंनी श्यामकांतकडे पाहिलं.

श्यामकांतने मान खाली घातली आणि डोळे मिटले.