गाजलेला पॉज

“पोरी, तू गेल्यावर या घरात...” एवढं बोलून देवस्थळी थांबले.

दुसऱ्या अंकातल्या या पॉजसाठी लोक वर्षानुवर्षं त्यांच्या नाटकाचं तिकीट काढत आले होते. आज मात्र पुढचं वाक्य त्यांना खरंच आठवेना. मालिकेत असं झालं की रीटेक मिळायचा. इथं समोर भरलेलं थिएटर होतं.

प्रॉम्प्टिंगला विंगेत बायकोच उभी होती. तिनं हळूच वाक्य दिलं, पण तेवढ्यात टाळी पडली आणि तिचा आवाज बुडाला. तिनं पुन्हा सांगितलं. टाळ्या आणखी वाढल्या.

“काका, पुरे झालं, घ्या की पुढे,” मुलीचं काम करणारी नटी कुजबुजली.

देवस्थळींनी विंगेकडे पाहिलं. बायकोचे ओठ नुसते हलत होते. त्यांचे डोळे भरून आले.

ते पाहून अख्खं थिएटर टाळ्या वाजवत उभं राहिलं.