कोरी म्हणजे बाहुली

माझ्या लेकीच्या, मिर्सिनीच्या, डोळ्यातला पडदा सुटला होता. सुईएवढी बारीक दिव्याची दांडी डोळ्याच्या आत घालून, तिच्या उजेडात डॉक्टर तो बसवणार होते. "ती आत असताना पेशंट जरासुद्धा हलून चालत नाही, म्हणून गाढ भूल," असं त्यांनी आधीच सांगितलं होतं.

सकाळी थेंब घालताना नर्स स्तामातियाबाई म्हणाल्या होत्या, "झाली बाहुली मोठी! आता उजेड पडला तरी संध्याकाळपर्यंत जागची हलायची नाही."

आता ऑपरेशनच्या खोलीबाहेर त्या माझ्याशेजारी बसल्या होत्या. "आतून 'कोरी, कोरी' ऐकू आलं तर दचकू नकोस हं, पोरी. आपल्या ग्रीकमध्ये लेकही कोरी आणि डोळ्यातली बाहुलीही कोरी. इथे कोरी म्हणजे बाहुलीच. मागे एक आजी उगाच चक्कर येऊन पडल्या, त्यांना उचलताना माझी कंबर गेली!"

मी कसंबसं हसले. दृष्ट लागू नये म्हणून आणलेला निळा मणी मुठीत घट्ट धरला.

तेवढ्यात आतून डॉक्टर ओरडले, "कोरी हलली!"

बाहुली हलली, म्हणजे तिला उजेड दिसला! "पानायिया माते, पावलीस गं!" म्हणत मी स्तामातियाबाईंना मिठी मारायला वळले. खुर्ची रिकामी होती. त्या दार ढकलून आत धावल्या होत्या.



थेंब घातलेली बाहुली संध्याकाळपर्यंत हलत नसते. हलली होती ती माझी कोरी.