लुटारूचं घराणं

इंग्रज साहेबाच्या हाताखाली लुटारू माश्यांची घराणी ओळखणारे सहदेवराव स्वतःसाठी मुलगी पाहायला भातकुलीला आले. मुलीचे, म्हणजे जयवंताचे, वडील वामनराव नवा फेटा बांधून समोर बसले. तेवढ्यात एक लुटारू माशी उडती मधमाशी पकडून त्यांच्या फेट्यावर येऊन बसली. सहदेवरावांना राहवेना. भिंग काढून ते पुढे वाकले आणि पुटपुटले, "डोळे बटबटीत, तोंडावर राठ मिशा, पाय केसाळ. हाय तर लुटारूच, पन घरानं कोन्तं?"

वामनरावांना माशीचा पत्ताच नव्हता. ते लालबुंद झाले. "उठा पाव्हणे! ही सोयरीक जमत नाई!"

दाराआडून जयवंताची आई म्हणाली, "बसा जावाईबापू! जयवंताच्या बापाले ओळखाले मले अर्धा जलम लागला!"