आदर्श पाठ

"सायो, तू वाच," ओर्लाबाई म्हणाल्या, आणि मागच्या भिंतीशी उभ्या असलेल्या सातही पाहुण्यांनी कागदातून माना वर काढल्या.

सायो उठली. खुर्ची सरकल्याचा तेवढा आवाज झाला. पाहुणे शिक्षण समितीचे, शहरातून आलेले, पायांत शाळेच्या हिरव्या सपाता. त्यांच्या शेजारी मुख्याध्यापक नुमाजिरी. तीन आठवड्यांपूर्वीच त्यांनी बाईंना बाजूला घेऊन सांगितलं होतं, की पाचवीत पोरं अकरा, गाव एवढंसं. समितीचं समाधान झालं नाही तर एप्रिलपासून आपल्याला इंग्रजीचा परदेशी शिक्षक मिळायचा नाही. तेव्हा पहिली सायोलाच उभी करा. घरचंच नाणं आहे, खणखणीत वाजेल.

घरचंच होतं. सायो ही ओर्लाबाईंची मुलगी. बाप याच गावचा. सप्टेंबरात तिघं आयर्लंडहून इथे जपानात राहायला आली, त्याला आता पाच महिने झाले. सायोचे केस काळे, चेहरा थेट बापाचा, जपानीही बापाकडूनच आलेली; इंग्रजीत तोंड उघडेपर्यंत ती गावचीच वाटायची. पहिल्या दिवशी तिने तोंड उघडलं. पाण्यासारखं इंग्रजी बोलून तिने स्वतःची ओळख करून दिली. वर्ग गप्प झाला आणि तिच्यापुरता गप्पच राहिला. कोणी चिडवलं नाही, कोणी ढकललं नाही. नुसतं कोणी बोलावलं नाही. जेवणानंतरच्या सुट्टीत ती फळा पुसायची, मग पुसलेला फळा पुन्हा पुसायची. आणि दारातून तिची आई ते बघायची.

मार्चअखेरपर्यंत पोरीला एकसुद्धा मैत्रीण मिळाली नाही तर तिला घेऊन परत जायचं, असं ओर्लाने नवऱ्याला सांगून टाकलं होतं. मग समिती काही का म्हणेना.

पाहुण्यांसमोर वाचायचं म्हणून सायो आधी दोन दिवस रडली होती. मला नको ना गं उभी करूस, एवढंच म्हणत होती. मग अचानक रडायची थांबली. रोज संध्याकाळी न्हाणीघराच्या दाराआडून तिचं पुटपुटणं ऐकू यायला लागलं. पोरगी धडा घोकतेय, ओर्लाला वाटलं. बरं वाटलं, आणि आपल्याला बरं वाटलं याची लाजही वाटली.

आता सायोने पुस्तक डोळ्यांसमोर धरलं आणि वाचायला लागली.

एकेक शब्द ठेचकाळत बाहेर आला. प्रत्येकाच्या शेपटाला एकेक जादा स्वर लटकलेला. मिल्कचं 'मिरुकु' झालं, स्कूलचं 'सुकूरु'. बंदरावरचे म्हातारे एखाद्या खोक्यावरचं इंग्रजी वाचतात ना, हुबेहूब तसं. संध्याकाळच्या संध्याकाळ न्हाणीघरात बसून हेच घोकलं गेलं होतं.

ओर्लाच्या हातातला खडू थांबला. नुमाजिरी सर भिंतीला टेकले. चूक दुरुस्त करणं हे बाईंचं कामच होतं, त्याचाच तर पगार. सायो पुस्तकावरून आईकडे बघत होती. तिने कोणाला दिसेल न दिसेल अशी मान हलवली. नको.

"छान," बाई म्हणाल्या. "बस."

मग चिनात्सु उठली. बंदरावर माकुलं-मासळी सुकवणाऱ्यांची पोर, वर्गात सगळ्यांत दणकट आवाजाची. तिच्या तोंडून जे आलं ते ऐकून ओर्लाने टेबलाची कड धरली. समितीच्या धास्तीने नुमाजिरी सर तीन आठवडे रोज जेवणाच्या वेळी स्पीकरवरून ओर्लाच्या आवाजातला धडा वाजवत होते, आणि पोरांनी तो भाताबरोबर गिळला होता. वाक्याच्या शेवटी उंच चढत जाणारा तो हेल ओर्लाच्या गावचा होता. तिची आई कुंपणावरून शेजारणीशी बोलायची, तो. चिनात्सुनंतर पुढचा मुलगा. मग त्याच्या पुढची. दहाच्या दहा. पृथ्वीच्या या टोकाला ओर्लाचं अख्खं माहेर घडाघडा बोलत होतं, आणि त्यात परकी तेवढी तिची लेक.

तास संपला. समितीचे प्रमुख दाराशी थांबले. मायाळू म्हातारे गृहस्थ, डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. इतकं अस्सल इंग्रजी आपण अख्ख्या जिल्ह्यात ऐकलं नाही, म्हणाले. बाई इथेच राहाव्यात असं अहवालात लिहितो, म्हणाले. मग त्यांनी आवाज खाली आणला. तो खाली आणलेला आवाज सगळ्या वर्गाला ऐकू गेला.

"फक्त ती खिडकीजवळची मुलगी. तिच्याकडे जरा जास्त लक्ष द्या, बाई. घरी शिकवणारं कोणी नसेल बिचारीला."

नुमाजिरी सरांनी खुलासा करायला तोंड उघडलं. त्यांच्याआधी ओर्ला कमरेत वाकली, रीतीपेक्षा जरा जास्तच वेळ, आणि लक्ष देईन म्हणाली.

ती सरळ होईपर्यंत चिनात्सु सायोच्या बाकावर कोपरं टेकून उभी होती.

"काय गं, म्हणजे घरी तुम्ही जपानीच बोलता, आणि पहिल्या दिवशीचं ते सगळं पाठ करून आली होतीस होय? आणि आम्ही येडे इतके दिवस तुला घाबरून लांब. म्हटलं, ही आपल्या चुका काढत बसणार." तिने सायोचं पुस्तक स्वतःकडे ओढलं. "जेवण झालं की ये. मी शिकवते तुला."

"येते," सायो म्हणाली. "पण सावकाश शिकव हं. मला पटकन नाही येत काही."