चार माणसांची पेटी

भूकंपाला चार दिवस उरले होते. त्यानंतर कोणाला काय लागेल हे भूकंपाचं भाकीत करणारं सरकारी यंत्र आधीच ओळखून घरोघरी आपत्कालीन पेटी भरून पाठवी. गाव सोडून पळालेल्यांच्या बाबतीतही ते कधी चुकलं नव्हतं.

शलाकाच्या घरात माणसं चार. पेटीत ब्लँकेटं, टॉर्च, शिट्ट्या तीन-तीनच. नवऱ्यानं पुन्हा मोजलं. तीनच.

“अरे, तोंडं कशाला पाडता? चौथा मीच असणार,” सासरे म्हणाले. “माझं झालंय सगळं बघून.”

शलाकाला हायसं वाटलं, मग त्याचीच लाज वाटली. मान खाली घालून ती पेटीचा तळ चाचपू लागली. हाताला सासऱ्यांच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या लागल्या, महिनाभर पुरतील एवढ्या.

तेवढ्यात सहा वर्षांची ओवी धावत आली.

“आई, यातली माझी शिट्टी कुठली गं?”