भाजणीचा डबा

सांगलीहून आलेल्या पार्सलमध्ये भाजणीचा एकच डबा निघाला आणि झाकणावर आईच्या अक्षरात नाव होतं यामिनीचं! हर्षदाच्या अंगाचा तिळपापड झाला.

यामिनी तिची रूममेट. दोघी टोरांटोत शिकायला एकाच दिवशी उतरल्या. हर्षदाची अजून बस चुकायची. यामिनीला मात्र दोन महिन्यांत कोपऱ्यावरचा दुकानदारही नावानं हाक मारायचा. तेवढं एक वेळ चाललं असतं. पण दर रविवारी ती हर्षदाच्याच आईला व्हिडिओ कॉल लावून, "काकू, पीठ असंच मळायचं ना?" करत थालीपीठ शिकायची आणि आई खळखळून हसायची. हर्षदाशी आईचं बोलणं मात्र "जेवलीस?" "हो गं!" एवढ्यावर संपायचं.

तिनं झाकण ओढून काढलं. आत चिठ्ठी होती. 'यामिनी, थालीपीठ तुला आता छान जमतंय. रोज एक हर्षदासाठीही लाव. जेवले म्हणून सांगते, पण गळ्याची हाडं दिसायला लागलीत. मी जास्त विचारलं की चिडते.'

स्वयंपाकघरात यामिनी तवा तापवत होती. डबा तिच्यापुढे आदळत हर्षदा म्हणाली, "सरक. आईनं शिकवलं तसंच मला शिकव."